‘आता हे कोणी वापरत नाही’ हे ठरवतं कोण? कॉम्प्युटरच्या गाभ्यातल्या जुन्या सोयी बंद होताना अमळनेरसारख्या गावाचं काय होतं?

२०२५ हे वर्ष जुन्या कॉम्प्युटरसाठी कठीण गेलं.

जानेवारीत लिनक्सची ६.१३ ही आवृत्ती आली. त्यातून रायझर-एफएस ही डिस्कवर फाइली ठेवण्याची जुनी पद्धत काढून टाकलेली होती. एप्रिलमध्ये ४८६ या १९८९ सालच्या प्रोसेसरचा आधार लिनक्समधून काढावा, असा प्रस्ताव आला. ऑगस्टमध्ये डेबियन या प्रसिद्ध लिनक्स प्रणालीची १३ वी आवृत्ती आली, ती जुन्या ३२-बिट पीसीवर इन्स्टॉलच करता येत नाही. आणि १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला.

यातल्या शेवटच्या बातमीची चर्चा झाली. बाकीच्या तिन्हींची आपल्याकडे फारशी दखलही घेतली गेली नाही. पण चारही बातम्यांमागे प्रश्न एकच आहे. जुनी सोय बंद करायची वेळ आली हे कोण ठरवतं, आणि ती अजून वापरणाऱ्यांना ते कळतं का?

अमळनेर, चोपडा, पारोळा, शिरपूर अशा गावांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. इथे कॉम्प्युटर पाच वर्षं झाली म्हणून बदलला जात नाही. तो बंद पडेपर्यंत चालवला जातो.

कर्नल म्हणजे काय?

हा लष्करातला कर्नल नव्हे. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ बीमधला गर किंवा शेंगेतला दाणा. खानदेशात शेंगा आणि दाणे यांतला फरक कोणाला समजावून सांगायला नको. टरफल बाजूला केलं की खाण्यालायक जे उरतं, तो दाणा. विंडोज, लिनक्स किंवा अँड्रॉइड यांचं स्क्रीनवर दिसणारं सगळं टरफल बाजूला केलं की आत जो मूळ प्रोग्रॅम उरतो, तो कर्नल.

मेमरी कोणत्या प्रोग्रॅमला किती द्यायची, डिस्कवर काय लिहायचं, प्रिंटरला आणि नेटवर्कला काय पाठवायचं, हे सगळं कर्नल ठरवतो. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच कर्नल असतो.

कोणताही प्रोग्रॅम थेट डिस्कला हात लावू शकत नाही. त्याला कर्नलकडे अर्ज करावा लागतो. तहसील कार्यालयात जशा क्रमांकाच्या खिडक्या असतात, दाखल्याची एक आणि उताऱ्याची दुसरी, तशा कर्नललाही खिडक्या असतात. फाइल उघडायची एक, वेळ विचारायची दुसरी. लिनक्समध्ये अशा साडेतीनशेहून अधिक खिडक्या आहेत. त्यांना इंटरफेस म्हणतात.

खिडकीचा क्रमांक आणि अर्जाचा नमुना एकदा ठरला की हजारो प्रोग्रॅम त्याच्या भरवशावर लिहिले जातात. पुढे तो नमुना बदलला किंवा खिडकी बंद झाली, तर जुना प्रोग्रॅम काहीही चूक नसताना अडतो.

पीजेची गोष्ट

खानदेशातलं एक उदाहरण घेऊ. पाचोरा ते जामनेर धावणारी छोटी गाडी सगळ्यांना ‘पीजे’ म्हणून माहीत आहे. तिचा मार्ग साधारण ५६ किलोमीटरचा आणि नॅरोगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. हे अंतर म्हणजेच इंटरफेस. त्या मापाची चाकं असलेला कोणताही डबा त्यावर धावेल, दुसरा धावणार नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये पीजे थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. तिच्या जागी ब्रॉडगेज करायचा निर्णय झाला. निर्णय तांत्रिकदृष्ट्या चुकीचा म्हणता येणार नाही. वेगळ्या मापाचा एकच तुकडा सांभाळायला वेगळी इंजिनं, वेगळे डबे आणि वेगळे सुटे भाग लागतात. पण जुना रूळ बंद होण्याच्या आणि नवा सुरू होण्याच्या मधल्या काळात रोजच्या प्रवाशाने काय करायचं, हा प्रश्न रुळाच्या मापाने सुटत नाही.

कर्नलमध्येही हेच होतं. नवी सोय चांगली असते. प्रश्न मधल्या काळाचा असतो.

जुन्या खिडक्या उघड्या ठेवल्या तर काय बिघडतं?

हा प्रश्न रास्त आहे. पडून आहे तर पडू दे, कोणाला काय त्रास?

त्रास होतो, आणि तो मोठा असू शकतो. त्याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे.

नेटवर्कवर फाइली आणि प्रिंटर वाटून वापरण्यासाठी एसएमबी नावाची पद्धत आहे. तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली. नंतर दुसरी आणि तिसरी आवृत्ती आली, पण जुनी उपकरणं चालावीत म्हणून पहिलीही विंडोजमध्ये तशीच उघडी राहिली. ती वापरू नका, असं मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितलं. मार्च २०१७ मध्ये तिच्यातल्या एका गंभीर दोषावर दुरुस्तीही दिली. अनेकांनी ती बसवली नाही.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने याच दोषातून जगभर थैमान घातलं. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ आला. पसरण्यासाठी त्यानेही इतर मार्गांबरोबर हाच दोष वापरला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं त्या समूहाचं कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. जळगावची निर्यातीची केळी ज्या बंदरातून परदेशी जातात, ते हेच बंदर.

त्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांमध्ये ही जुनी पद्धत आपोआप बसवणं बंद झालं.

लिनक्सचंही असंच एक उदाहरण आहे. डीसीसीपी ही नेटवर्कवरून माहिती पाठवण्याची पद्धत २००५ मध्ये कर्नलमध्ये आली. फार कमी लोकांनी ती वापरली. पण तिच्यात एक दोष होता आणि तो २०१७ पर्यंत, म्हणजे अकराहून अधिक वर्षं, कोणाच्या लक्षात आला नाही. त्या दोषाचा फायदा घेऊन कॉम्प्युटरवरचा साधा वापरकर्ता संपूर्ण यंत्राचा ताबा घेऊ शकत होता. आपण ती पद्धत कधी वापरली नाही म्हणून आपण सुरक्षित, असंही नव्हतं. खिडकी उघडी होती, एवढं पुरेसं होतं. अखेर २०२५ मध्ये डीसीसीपी लिनक्समधून काढण्यात आली.

वापर नसलेल्या वाड्याचं मागचं दार उघडं राहिलं तर चोर तिथूनच येतो. त्यामुळे जुन्या खिडक्या बंद व्हायला हव्यात, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या कशा बंद करायच्या याबद्दल.

लिनक्सचा नियम काय आहे?

लिनक्सचे जनक लायनस टोर्व्हाल्ड्स यांचा एक नियम प्रसिद्ध आहे. कर्नलमध्ये काहीही बदला, पण आधी चालणारा लोकांचा प्रोग्रॅम बंद पडता कामा नये. असं झालं तर दोष कर्नलचा, प्रोग्रॅमचा नाही. या नियमामुळे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे अनेक प्रोग्रॅम आजच्या लिनक्सवरही चालतात.

मग खिडक्या बंद होतात कशा? कर्नलच्या दस्तऐवजांत इंटरफेसची वर्गवारी ठेवलेली असते. स्थिर, चाचणीत असलेले, कालबाह्य आणि काढून टाकलेले, असे त्याचे चार कप्पे आहेत. एखादी सोय ‘कालबाह्य’ कप्प्यात गेली की ती पुढे काढली जाण्याची शक्यता असते. वापरणाऱ्यांना दुसरीकडे वळायला तोपर्यंत वेळ मिळावा, ही अपेक्षा.

रायझर-एफएसचं तसंच झालं. २०२२ मध्ये ती काढायचा विषय निघाला. चर्चेत काही वापरकर्त्यांनी सांगितलं की आमच्या यंत्रांवर ती अजून चालू आहे. मग ती लगेच न काढता २०२५ पर्यंत मुदत दिली गेली, आणि ती वापरणाऱ्या कॉम्प्युटरच्या नोंदींमध्ये तसा इशाराही उमटू लागला.

काही वेळा आणखी सौम्य मार्ग निघतो. जुनी खिडकी ठेवून शेजारी नवी उघडायची. ३२-बिट यंत्रांवर वेळ मोजण्याची जुनी पद्धत १९ जानेवारी २०३८ ला, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, संपते. त्यानंतर आकडा मावत नाही आणि तारीख उलटी १९०१ मध्ये जाते. लिनक्सने २०१९ मध्ये यासाठी नव्या खिडक्या उघडल्या. जुन्या तशाच ठेवल्या, म्हणजे ज्यांना बदलायचं त्यांच्या हाती जवळपास १९ वर्षं.

हे सगळं वाचून वाटेल की यापेक्षा लोकशाही पद्धत कोणती? पण इथेच खरी अडचण सुरू होते.

ओरडणाऱ्याचं ऐकू येतं

या नियमाचा दुसरा अर्थ असा निघतो, की बदलल्यावर कोणी तक्रार केली नाही, तर काही बिघडलंच नाही.

तक्रार कुठे करायची? कर्नलच्या इंग्रजी ईमेल याद्यांवर. किंवा आपण वापरतो त्या प्रणालीच्या इंग्रजी संकेतस्थळावर, तांत्रिक तपशिलांसह. आणि इशारा कुठे मिळतो? यंत्राच्या आतल्या नोंदींमध्ये, ज्या दुकानदार किंवा शाळेचे गुरुजी कधी उघडत नाहीत.

आवाज असला की काय होतं, ते २०१९ मध्ये दिसलं. उबंटू या लोकप्रिय लिनक्स प्रणालीने जूनमध्ये जाहीर केलं की पुढच्या आवृत्तीपासून ३२-बिट प्रोग्रॅमना लागणारे भाग देणार नाही. कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ची मालक कंपनी व्हॉल्व्ह हिने मग आम्ही त्या आवृत्तीला आधार देणार नाही, असं सांगितलं. गेम खेळणारे संतापले. आठवडाभरातच उबंटूने निर्णय मागे घेतला आणि निवडक भाग ठेवायचं मान्य केलं.

जुने गेम वाचले, कारण गेम खेळणाऱ्यांना कुठे ओरडायचं ते माहीत होतं.

आता समजा, अमळनेरच्या बाजारपेठेत एक दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पीक विम्याचा अर्ज, परीक्षेचं हॉल तिकीट, सगळं तिथे मिळतं. कॉम्प्युटर पंधरा वर्षांपूर्वीचा, दोन जीबी मेमरीचा, त्यावर कोणीतरी बसवून दिलेली ३२-बिट प्रणाली. एके दिवशी ब्राउझर नवा होत नाही. मग एखादं सरकारी पोर्टल जुन्या ब्राउझरमध्ये उघडत नाही. दुकानदार काय करेल? तो कर्नलच्या याद्यांवर ईमेल लिहिणार नाही. ‘पीसी जुना झाला’ म्हणेल, जमलं तर हप्त्यावर नवा घेईल, नाहीतर फोनवर काम भागवेल.

त्याच्या कॉम्प्युटरचं काय झालं, याची नोंद कुठेही होणार नाही. दूरवर बसलेल्या इंजिनिअरला दिसेल एवढंच, की तक्रार आली नाही.

इथे कोणाचा दुष्टपणा नाही. कर्नल सांभाळणारी माणसं प्रामाणिक आहेत आणि त्यांचा वेळ मर्यादित आहे. पण ‘कोणी बोललं नाही’ आणि ‘कोणी वापरत नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. खानदेशातल्या गावाला पहिलं वाक्य नेहमीच लागू पडतं, दुसरं पडतंच असं नाही.

यात एक विरोधाभासही आहे. भारतातल्या मोठ्या आयटी कंपन्यांपैकी एक असलेली विप्रो १९४५ मध्ये याच अमळनेरमध्ये वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या रूपाने सुरू झाली. ज्या गावातून ती कंपनी उभी राहिली, त्या गावातल्या कॉम्प्युटरबद्दलचे निर्णय मात्र गावाला न विचारताच होतात.

विंडोजवाल्यांना काय लागू होतं?

विंडोजमध्ये चर्चा उघड होत नाही, तारीख जाहीर होते. दुकानदार, शाळा आणि पतसंस्था यांच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, १६-बिट प्रोग्रॅम. डॉसच्या आणि सुरुवातीच्या विंडोजच्या काळातले हिशेबाचे किंवा मराठी टायपिंगचे कित्येक प्रोग्रॅम १६-बिटचे होते. ६४-बिट विंडोज असे प्रोग्रॅम चालवत नाही. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येते. म्हणजे ३२-बिट विंडोज १० हा सामान्य ग्राहकासाठी त्यांचा शेवटचा आसरा होता, आणि त्याचा नियमित आधार आता संपला आहे. नोंदणी केलेल्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

दुसरी, जुनी नेटवर्क पद्धत. वर सांगितलेली एसएमबीची पहिली आवृत्ती काही जुन्या स्कॅनर-कॉपियरना अजून लागते. नवा पीसी घेतल्यावर ‘स्कॅन फोल्डरमध्ये जात नाही’ ही तक्रार अनेकदा त्यामुळेच येते. अशा वेळी कोणी बंद खिडकी उघडून दिली तर काम चालतं, पण धोकाही परत येतो.

तिसरी, प्रिंटर. प्रत्येक कंपनीचा वेगळा ड्रायव्हर ही पद्धत हळूहळू बंद करून सगळ्यांसाठी एकच प्रमाण पद्धत आणायचं मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. आजचे प्रिंटर ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर चालतात, पण प्रश्न तोच आहे. १५ जानेवारी २०२६ पासून विंडोज अपडेटवर कंपन्यांचे नवे ड्रायव्हर घेणं थांबवायचं आणि १ जुलै २०२७ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्यांशिवाय इतर सुधारणाही घ्यायच्या नाहीत, असं ते वेळापत्रक आहे. घाबरायचं कारण नाही. बसवलेला प्रिंटर बंद पडणार नाही आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घेता येईल. पण ज्या कंपनीचं संकेतस्थळच उरलं नाही, तिच्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर आजच पेनड्राइव्हवर जपून ठेवलेला बरा.

यंत्र बदलता येतं, मजकूर जातो तो कायमचा

जुन्या सोयीबरोबर सर्वांत मोठं नुकसान यंत्राचं होत नाही. त्यात अडकलेल्या मजकुराचं होतं. मराठीला हे चांगलं ठाऊक आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट कार्ड’ लोकांपर्यंत आणलं. ते कॉम्प्युटरमध्ये बसवलं की डॉसमध्ये देवनागरी दिसायची. पुढे विंडोज आली आणि कार्डाची गरज संपली. इस्की या प्रमाण संकेतात साठवलेला मजकूर नंतर युनिकोडमध्ये आणता आला, कारण त्याचा नमुना सर्वांना माहीत होता. याउलट, त्या-त्या फॉन्टच्या खाजगी संकेतात टाइप केलेले अंक, स्मरणिका, याद्या आजही उघडल्या की अगम्य चिन्हं दिसतात. तो फॉन्ट आणि रूपांतराचं साधन हाती असेल तरच ते वाचता येतं.

धडा साधा आहे. खिडकी बंद होणारच असेल तर आपले कागद आधी बाहेर काढा.

तुम्ही काय करू शकता?

विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘सिस्टीम’, मग ‘अबाऊट’ इथे जा. ‘सिस्टीम टाइप’ समोर प्रणाली ३२-बिट आहे की ६४-बिट ते दिसेल. प्रोसेसर ६४-बिट आणि प्रणाली ३२-बिट असेल तर लगेच नवा पीसी घेऊ नका. त्याच पीसीवर ६४-बिट प्रणाली बसण्याची शक्यता असते, कदाचित थोडी मेमरी वाढवून.

प्रोसेसरच ३२-बिट असेल तर त्याचे दिवस खरोखर मोजके आहेत. फायरफॉक्सनेही ३२-बिट लिनक्ससाठी नव्या आवृत्त्या थांबवल्या आहेत. असा पीसी इंटरनेटपासून तोडून हिशेब किंवा टायपिंगपुरता वापरता येईल. बँकेचे व्यवहार आणि ग्राहकांचे आधार तपशील त्यावर नकोत.

जुन्या प्रोग्रॅममधला हिशेब आणि मजकूर आजच साध्या स्वरूपात काढून ठेवा. आकडे एक्सेलमध्ये, मजकूर युनिकोडमध्ये, आणि प्रत दोन ठिकाणी.

पण एकेकट्या दुकानदाराने सावध राहणं पुरेसं नाही. गावाचा आवाज वर पोहोचवणारा दुवा लागतो, आणि तो दुवा महाविद्यालयं होऊ शकतात. अमळनेरचं प्रताप महाविद्यालय असो की जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, कॉम्प्युटर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी एका सत्रात गावातली दुकानं, शाळा आणि ग्रामपंचायती फिरून कुठे काय चालू आहे याची यादी केली, तर तो उत्तम प्रकल्प ठरेल. नवी आवृत्ती जुन्या यंत्रावर तपासून जे अडलं ते नीट इंग्रजीत कळवलं, तर कर्नलवाल्यांना ते हवंच असतं. रायझर-एफएसच्या वेळी काही जण बोलले आणि सगळ्यांना तीन वर्षं मिळाली.

जुनं कधीतरी जाणार, ते जायलाही हवं. पण त्याला निरोप देण्याआधी ते अजून कोणाच्या कामाला येतंय का, हे विचारायला हवं. आणि ज्यांच्या कामाला येतंय, त्यांनी तसं कळवायला हवं. तारखा जाहीर झाल्या आहेत, त्या पुढे ढकलायच्या असतील तर बोलायची वेळ आत्ताच आहे.